साडेपाच मीटरची मोटरहोम: बाजारात का नाही आणि मिळवायची तर कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात घर, फाटकाच्या आत गाडीसाठी १९ फूट जागा. नवरा-बायको दोघेच, निवृत्तीनंतर फिरायचे आहे. गाडी साडेपाच मीटरच्या आत हवी, आत ताठ उभे राहता यावे, संडास-बाथरूम असावे, मे महिन्यात रात्रभर एसी चालावा आणि कामाचा दर्जा उत्तम असावा. पुणे, मुंबई, हैदराबाद सगळीकडे विचारून झाले. जो तो सात मीटरची गाडी दाखवतो, नाहीतर ‘करून देऊ की’ म्हणतो. छोटी आणि भारी अशी तयार गाडी का मिळत नाही?

बनवणारे कमी आहेत हे खरे, पण मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण वजन आहे. गाडी लहान केली म्हणून संडासाची कॅसेट (मैल्याची काढता येणारी पेटी) लहान होत नाही, एसी निम्मा होत नाही, पिण्याचे पाणी कमी लागत नाही. सात मीटरच्या गाडीत जे नग बसतात तेच सगळे साडेपाच मीटरमध्ये बसवायचे असतात आणि लहान गाडीची वजन सोसण्याची मर्यादा मात्र कमी असते. म्हणून बनवणाऱ्याला छोट्या गाडीत डोके जास्त चालवावे लागते, मजुरी तेवढीच लागते, अडचणीत हात घालून काम करायचे म्हणून थोडी जास्तच, आणि वाचतो तो फक्त थोडा प्लाय व पत्रा. गिऱ्हाईक मात्र ‘छोटी आहे, मग स्वस्त पाहिजे’ या हिशेबाने येतो. हे गणित जमत नाही, म्हणून शोरूममध्ये अशी गाडी उभी दिसत नाही.

वजनाचा हिशेब एकदा मांडून बघा, सगळे लक्षात येईल. प्रत्येक गाडीच्या आरसीवर एकूण भारवजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, लिहिलेले असते. गाडी, आतले सगळे सामान, पाणी, डिझेल आणि माणसे मिळून त्या आकड्याच्या आत राहायचे. उदाहरणासाठी मर्यादा ३,५०० किलो आणि डिझेलसह रिकामी व्हॅन २,३५० किलो धरू. हातात राहिले १,१५० किलो. आता काळजीपूर्वक, हलक्या मालात काम केले तर साधारण असे जाते: फर्निचर २२० किलो, इन्सुलेशन आणि आतले अस्तर ९०, एसी ४५, पाच युनिटची लिथियम बॅटरी ५५, इन्व्हर्टर-चार्जर-वायरी ४०, दोन सोलर पॅनेल फ्रेमसह ४५, नव्वद लिटर पाणी टाकी-पंपासह ११०, बाथरूमची खोली आणि कॅसेट ६०, फ्रिज २२, मागे बेल्ट असलेली दोघांची सीट ६०, पलंग आणि गादी ४५, बाजूची ऑनिंग (बाहेर ओढायचे कापडी छप्पर) २८. बेरीज ८२०. उरले ३३०. दोन माणसे १४०, कपडे, भांडी, किराणा, खुर्च्या मिळून १२०. शिल्लक ७० किलो. म्हणजे पाहुणा एकच, तोही बारीक.

हीच गाडी घराचे फर्निचर करणाऱ्या सुताराकडून करून घेतली तर काय होते? तो सवयीने १८ मिमीचा बीडब्ल्यूपी (वॉटरप्रूफ) प्लाय आणतो. आठ बाय चारची एक शीट ३७ किलोच्या आसपास भरते, वर सनमायका चार किलो. बारा शीट लागल्या की फर्निचर ४९० किलोवर गेले. वरच्या हिशेबात २२० च्या जागी ४९० घाला. उरले ६० किलो, आणि गाडीत अजून माणूस बसलेला नाही. दोघे बसले, पिशव्या ठेवल्या की गाडी मर्यादेच्या दोनशे किलो वर. पॉप्लरचा १५ मिमी प्लाय शीटमागे २२ किलोच्या आसपास असतो; कपाटांचा सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा आणि प्लाय फक्त पृष्ठभागाला वापरला तर आठ शीटमध्ये भागते. सोलापुरात हाताचे काम चांगले असलेले सुतार पुष्कळ आहेत, पण त्यांच्या हिशेबात मजबूत म्हणजे जड. गाडीत ते चालत नाही. शिवाय खिळा आणि साधा स्क्रू खराब रस्त्यावर महिनाभरात ढिला होतो. थ्रेडेड इन्सर्ट, नायलॉक नट आणि पॉलीयुरेथेन सीलंट वापरलेला असेल तर समजा की माणसाला गाडीचे काम कळते.

एकूण वजन बसले तरी काम संपत नाही. मागच्या आसावर, म्हणजे ॲक्सलवर, किती येते ते वेगळे पाहावे लागते. छोट्या गाडीत पलंग मागे, पलंगाखाली पाणी आणि बॅटरी ही मांडणी सगळ्यांना सोपी वाटते. ३,३५० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) गाडीत मागच्या चाकांच्या एक मीटर मागे ९० किलोची टाकी ठेवली, तर मागच्या आसावर ९० नव्हे, ११७ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे २७ कमी होतात. पुढचा भाग हलका झाला की स्टिअरिंग भिरभिरते, ओल्या रस्त्यावर ब्रेकला गाडी सरळ राहत नाही. पाण्याची टाकी दोन आसांच्या मध्ये, जमेल तेवढी खाली. बॅटरी ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली. एवढे एकच बदलले तरी गाडी चालवायला वेगळी लागते.

आता दुसरे कारण, मूळ गाड्यांचे. युरोपात मोटरहोमसाठी फियाट ड्युकाटो, फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर, फोक्सवॅगन क्राफ्टर अशा उभट, रिकाम्या पत्र्याच्या व्हॅन हव्या त्या लांबी-उंचीत मिळतात. तरीसुद्धा २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईत ड्युकाटोच्या चॅसी (बॉडी चढवायचा सांगाडा) वेळेवर येईनात, आणि तिथल्या बनवणाऱ्यांच्या अर्धवट गाड्या आवारात उभ्या राहिल्या. एकाच चॅसीवर अख्खा धंदा उभा असला की असे होते. आपल्याकडे निवड त्याहून अपुरी आहे. उभे राहता येईल अशी, आरामात चालणारी नवी व्हॅन म्हणजे फोर्स अर्बेनिया. ती ३,३५०, ३,६१५ आणि ४,४०० मिमी अशा तीन व्हीलबेसमध्ये येते. फोर्स ट्रॅव्हलर जुनी, दणकट, गॅरेजवाल्याला पाठ असलेली, पण चालताना टेम्पोच. टाटा विंगरची आखूड आवृत्ती साडेपाच मीटरच्या आत बसते, मोनोकॉक आहे (वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा), चालायला कारसारखी आहे. पण बाहेरची रुंदी १.९ मीटर. दोन्ही बाजूंचे इन्सुलेशन आणि अस्तर धरले तर आडवा पलंग जेमतेम मध्यम उंचीच्या माणसाला पुरतो. आणि ती पुढच्या चाकांवर चालते. मागे वजन लादून ओल्या घाटात चढवताना चाक घसरते.

तुमच्या मोजमापात आमची पसंती आखूड व्हीलबेसच्या अर्बेनियाला. बाहेरची रुंदी जवळजवळ २.१ मीटर असल्यामुळे आडवा पलंग बसतो, आणि आडवा पलंग बसला की लांबीत अर्धा मीटर वाचतो. छोट्या गाडीत सगळा खेळ त्या अर्ध्या मीटरचा आहे. कंपनीच्या कागदावरची लांबी घेऊन त्यात मागची शिडी, सायकलचा स्टँड, वाढवलेला बंपर मिळवा. १९ फूट म्हणजे ५.७९ मीटर. मागचे दार उघडून पलंगाखालचे सामान काढायला जागा लागते, ती बहुतेक जण मोजायला विसरतात.

‘बाहेरची गाडी आणतो’ असेही काही जण म्हणतात. मर्सिडीजने २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये व्ही-क्लासची मार्को पोलो भारतात आणली होती. होरायझन १.३८ कोटी, स्वयंपाकाचा ओटा असलेली मार्को पोलो १.४६ कोटी, दोन्ही एक्स-शोरूम. लांबी ५.१४ मीटर, दर्जा निर्विवाद. पण त्यात संडास नाही आणि छत वर उचलल्याशिवाय उभे राहता येत नाही. दीड कोटीच्या पाच मीटरच्या गाडीतही कंपनीने बाथरूम घातले नाही, यावरून काय ते समजा. स्वतः आयात करायची तर गाडी उजव्या स्टिअरिंगची हवी, जुनी असेल तर तीन वर्षांच्या आतली हवी, आणि सगळे कर धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते. वर सुट्या भागांसाठी कायमची वणवण. सोलापूरहून फिरणाऱ्या माणसाने या फंदात पडू नये.

तिसरे कारण कागदपत्रांचे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. बनवणाऱ्याने आपले मॉडेल मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यायचे असते. त्या बाबतीत आपण नशीबवान. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई, सगळ्या अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. पण मंजुरीचा खर्च मॉडेलमागे असतो. मूळ गाडी बदलली, व्हीलबेस बदलला, सीटची मांडणी बदलली की पुन्हा कागद, पुन्हा पैसे. तो खर्च पन्नास गाड्यांवर पसरला तर जाणवत नाही, तीन गाड्यांवर पसरला तर धंदा बसतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यानंतर जी मागणी दिसते ती मुख्यतः भाड्याने देणाऱ्यांची. त्यांना चार ते सहा जण झोपतील अशी लांब गाडी हवी असते, कारण भाडे डोक्यांवर ठरते. मग बनवणारा मंजुरी घेतो ती लांब गाडीची. दोघांसाठीच्या आखूड गाडीची फाईल कोणी उघडतच नाही.

इथेच लोक फसतात. तेरा सीटची गाडी घ्यायची, सीट काढायच्या, घरासारखी करायची, पासिंगचे एजंट बघून घेईल. हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. कलम १८२अ खाली मालकाला बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाचे सोडा, पाच हजार भरता येतात. खरा धोका विम्याचा. आरसीवर तेरा सीटची प्रवासी गाडी आणि आत गॅस, बॅटरी, पलंग अशा गाडीला आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा हाच मुद्दा काढणार.

योग्य वाट अशी असते. बनवणाऱ्याकडे तुमच्याच मूळ गाडीच्या, तुमच्याच व्हीलबेसच्या मंजुरीचे प्रमाणपत्र आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी पाहायचे. नुसते ‘मंजूर आहे’ हे तोंडी उत्तर घ्यायचे नाही. गाडी तयार झाल्यावर फॉर्म २०, विक्रीचा फॉर्म २१ आणि बॉडी वेगळी बांधली असल्यास फॉर्म २२-अ चे दोन्ही भाग लागतात: पहिला चॅसीच्या कंपनीचा, दुसरा बॉडी बनवणाऱ्याचा. दुसऱ्या भागावर सही कोण करणार हे करारातच नाव घालून लिहून घ्या. एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूर आरटीओच्या, पासिंगला गाडी अडते ती बहुधा याच कागदासाठी. वर्ग खासगी वापराच्या कॅम्परचा, पांढरी पाटी. पुढेमागे भाड्याने द्यायचा विचार असेल तर तो आत्ताच ठरवा, कारण पिवळ्या पाटीला परमिट, फिटनेस, कर सगळेच वेगळे. लायसन्सची मात्र काळजी नाही. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स ७,५०० किलोपर्यंत चालते; युरोपातल्यासारखी साडेतीन टनांची कटकट आपल्याकडे नाही. म्हणून आपल्याकडे थोड्या जास्त भारवजनाची मूळ गाडी निवडणे शहाणपणाचे.

आता एसी. सोलापूरच्या माणसाने मोटरहोम घेताना निम्मा वेळ या एका विषयाला द्यावा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा, प्लाय, गादी सगळे तापून बसते आणि रात्री दहापर्यंत आत उष्णता सोडत राहते. एसी आधी ही साठलेली उष्णता उपसतो, खोली नंतर गार होते. म्हणून आधी इन्सुलेशन, मग एसी. छताला आणि बाजूंना १९ ते २५ मिमी जाडीचा बंद पेशींचा नायट्रिल रबर फोम, पत्र्याला चिकटवून, मध्ये पोकळी न ठेवता. थर्मोकोल कुरकुरतो आणि गोंदाने विरघळतो. ग्लासवूल ओल धरते. पावसाळ्यात एसी लावून झोपलात की बाहेरच्या दमट हवेची ओल पत्र्यावर जमते, ती ग्लासवूल धरून ठेवते, आणि तीन वर्षांनी पत्रा आतून गंजलेला सापडतो. गाडीचा रंग पांढरा. काळी किंवा मॅट राखाडी गाडी फोटोत देखणी दिसते, पण सोलापुरात त्या रंगाची किंमत युनिटमध्ये मोजावी लागते. साध्या काचेच्या खिडकीपेक्षा दुहेरी ॲक्रिलिकची खिडकी हलकी आणि उष्णता अडवणारी. महाग आहे, आयात करावी लागते, पण पैसे इथे घालावेत.

एवढे नीट केले तर या आकाराला पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. सुरुवातीला तो ८०० वॅट घेतो, खोली गार झाल्यावर कमी. रात्रीची सरासरी ५०० वॅट धरा. आठ तासांना ४ युनिट, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे अर्धे युनिट, फ्रिज-पंप-दिवे मिळून आणखी थोडे, ४.८५ च्या आसपास. १२.८ व्होल्ट, ४०० अँपिअर-अवर बॅटरीत भरतात ५.१२ युनिट. म्हणजे काठावरची गोष्ट, थोडे इकडेतिकडे झाले की पहाटे बीएमएस (बॅटरी सांभाळणारे सर्किट) वीज बंद करणार. ५०० अँपिअर-अवर घ्या, १०-१५ किलो वाढतील. किंवा एसी २७ वर ठेवून पंखा लावा. ट्युब्युलर बॅटरीचा विचार नको. १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी पन्नास किलोच्या पुढे असते, त्यातली निम्मीच वापरायची असते आणि ॲसिडची वाफ झोपायच्या खोलीत येते.

ही बॅटरी परत भरायची कशी? आखूड गाडीच्या छपरावर एसी आणि हवेचा पंखा बसल्यावर सोलरला जागा उरते ४००-५०० वॅटची. पॅनेल आडवे, तापलेले, त्यामुळे दिवसाला दोन युनिट मिळाले तर समाधान माना. इंजिनवरून ४० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने (अल्टरनेटरचा करंट आवरून बॅटरी भरणारे यंत्र) तासाला साधारण अर्धे युनिट. सोलापूर-पुणे चार-साडेचार तासांत सव्वादोन. दोन्ही मिळून रोजचा एसीचा खर्च पूर्ण भरत नाही. म्हणजे प्लग न लावता एसीच्या दोन रात्री, तिसऱ्या दिवशी कुठेतरी १६ अँपिअरचा सॉकेट शोधायचा; ६० अँपिअरचा चार्जर ४०० अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी सात तासांच्या आसपास भरतो. ‘सोलरवर कितीही दिवस एसी’ असे कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब कागदावर मांडायला सांगा. लिथियम बॅटरी सरळ अल्टरनेटरला जोडणारेही भेटतील. बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, गाडी सिग्नलला उभी असताना अल्टरनेटरला हवा नसते, आणि वाइंडिंग जळते. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच.

वायरिंगमध्ये आगीचे मूळ एकच असते: मोठा करंट आणि ढिला थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी). १२ व्होल्टवर २,००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १८० अँपिअरच्या वर ओढतो. त्याला ७० चौरस मिमीची तांब्याची केबल लागते. घरच्या बाजूची सिस्टिम २४ व्होल्टची केली तर करंट निम्मा होतो आणि ३५ चौरस मिमीमध्ये काम होते. एसी असलेल्या गाडीला आम्ही २४ व्होल्टच सुचवतो. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने दाबलेला असावा. हातोडीने ठोकलेला किंवा नुसता डाग मारलेला नको. बॅटरीच्या प्लसपासून एका फुटाच्या आत मुख्य फ्यूज. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). बॅटरी पलंगाखाली सायलेन्सरच्या बाजूला कोंबलेली दिसली तर जागा बदलून घ्या. आतले तापमान ५५ च्या आसपास गेले की बीएमएस चार्जिंग तोडतो आणि मालकाला वाटते बॅटरी खराब आहे. घरगुती स्प्लिट एसी बसवला असेल तर तांब्याच्या नळीला एक वेटोळे ठेवलेले आहे का पाहा. सरळ ताणलेल्या नळीचे फ्लेअर (जोडासाठी पसरट केलेले टोक) खड्ड्यांनी चिरते आणि दोन महिन्यांत गॅस जातो.

स्वयंपाकाला गॅस सिलिंडर नकोच. १,२०० वॅटचा इंडक्शन, दिवसातून पाऊण तास, एका युनिटपेक्षा कमी. कडक भाकरी घरून बांधून घेतली तर तोही वाचतो.

पाण्याबद्दल एवढेच. सोलापूरकरांना पाणी पुरवून वापरायचे शिकवायला नको. ९० लिटर दोघांना दोन दिवस जाते. बोअरचे पाणी जड असते, त्याने गीझरचे कॉइल आणि पंपाची झडप क्षार धरते. भरताना ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा, तीन महिन्यांनी सायट्रिक ॲसिडचे पाणी फिरवा. आतले पाइप सीपीव्हीसीचे चिकटवलेले नकोत; ते ताठ असतात आणि जोडात तडकतात. पेक्स पाइप (लवचिक प्लॅस्टिकचे) आणि दाबून बसवायचे जोड वापरा. कॅसेट संडास १७ ते २० लिटरचा, दोघांना दोन-तीन दिवस. ती रिकामी करायला आपल्याकडे वेगळी सोय नाही. घरच्या किंवा परवानगीने पंपावरच्या संडासात. फॉर्मल्डिहाइडचे औषध वापरू नका, सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, एन्झाइमचे घ्या. कॅसेटच्या तोंडाचे रबर सील आयातीचे असते, दोन सील पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. बहुतेक भारी गाड्या बंद पडून राहतात त्या इंजिनामुळे नव्हे, असल्या किरकोळ रबरामुळे.

मांडणी साडेपाच मीटरमध्ये एकच नीट बसते. मागे आडवा पलंग, जमिनीपासून ८० सेंमी उंच, खाली सामान. त्याच्या पुढे एका बाजूला ७५ बाय ८५ सेंमीची ओली बाथरूम, समोर ९० सेंमीचा ओटा आणि फ्रिज. मग बेल्टवाली सीट आणि काढता येणारे टेबल. बाथरूम ‘कोरडी आणि ओली वेगळी’ मागू नका, जागा नाही. पुढच्या सीट मागे फिरवण्याचा हट्टही सोडा. हँडब्रेक आड येतो, सीटच्या अँकरेजची चाचणी पुन्हा करावी लागते. पडदे आणि पलंगपोस इथलेच घ्या, सोलापुरी चादर गाडीत छान टिकते आणि घरी धुता येते. सीटचे कापड मात्र आग न धरणारे, प्रमाणपत्र असलेलेच.

उंचीही बघा. अडीच मीटरची गाडी, वर एसीचे २५-३० सेंमी. २.८ मीटरला नवी पेठेतल्या गल्लीत लोंबणारी सर्व्हिस वायर लागते, हॉटेलच्या पोर्चचा पत्रा लागतो. ड्रायव्हरसमोर उंचीचा आकडा चिकटवून ठेवा.

तर वाटा तीन. पहिली, आखूड व्हीलबेसची मंजुरी असलेल्या बनवणाऱ्याकडे मागणी नोंदवून थांबायचे. आयातीचे नग येईपर्यंत महिने जातात, घाई केली की पर्यायी, जड माल बसतो. दुसरी, जागेच्या हट्टाला मुरड घालून मधल्या व्हीलबेसची गाडी घ्यायची आणि घराबाहेर लावायची. हिला निवड जास्त, आणि बाथरूम माणसासारखी होते. तिसरी, संडास सोडायचा. मोठ्या एमपीव्हीत (सात-आठ सीटच्या घरगुती गाडीत) काढता-घालता येणारी पलंगपेटी, वेल्डिंग नाही, छिद्र नाही, नोंदीत बदल नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, नळदुर्ग अशा फेऱ्यांना, रात्री लॉजच्या आवारात थांबून, एवढे पुष्कळ होते. पहिल्या वाटेने जाणाऱ्यांनीही आधी भाड्याची गाडी चार रात्री वापरून पाहावी, तीही मे महिन्यात. डिसेंबरात कुठलीही गाडी चांगली वाटते.

करारात भारवजनाची अट घाला: पाण्याची टाकी भरलेली, डिझेल पूर्ण, माणसे नाहीत, अशा स्थितीत गाडी इतक्या किलोच्या वर भरली तर शेवटचा हप्ता थांबेल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे काट्यांना तोटा नाही. गाडी ताब्यात घेताना काट्यावर तीनदा घ्या: आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढची आणि मागची बेरीज पूर्ण वजनाशी ३०-४० किलोच्या फरकाने जुळली पाहिजे. जास्त फरक आला तर काट्याचा उतार तपासा किंवा दुसरा काटा गाठा. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, दुपारी दोन ते चार जरा मोकळे मिळते. मागच्या आसाचा आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आत हवा, कारण तुमच्या पिशव्या अजून चढायच्या आहेत. तिन्ही पावत्या जपून ठेवा. टायरची हवा याच आकड्यांवरून ठरवायची, दारावरच्या स्टिकरवरून नाही.